बांधकाम व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण कसे बदलायचे? सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सोलापूर जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचे एम.टेक. शिकवणाऱ्यांसाठी, शिकणाऱ्यांसाठी आणि अशा विद्यार्थ्यांना साइटवर घ्यावे की नाही या विचारात असलेल्या कंत्राटदारांसाठी आहे. उत्तरे सारख्या लांबीची नाहीत. जिथे घोळ जास्त होतो तिथे जास्त लिहिले आहे.

नेमका कोणता बदल सुचवता?

एकच. चार सत्रांपैकी पहिली तीन सत्रे प्रत्यक्ष चालू असलेल्या बांधकामाभोवती बांधायची. नियोजन, करार, खर्च, गुणवत्ता, सुरक्षा हे विषय वेगवेगळ्या तासांना शिकवले तरी उदाहरण एकाच इमारतीचे. तेच नकाशे, तेच टेंडर, तोच ठेकेदार. चौथे सत्र प्रबंधाचे, आणि प्रबंधही त्याच कामावर गोळा केलेल्या नोंदींवर.

सध्याच्या अभ्यासक्रमात चुकते काय?

परीक्षेतला नेहमीचा प्रश्न पाहा: "पुढील कामांचा कालावधी दिलेला आहे, क्रिटिकल पाथ काढा." क्रिटिकल पाथ म्हणजे कामांची ती सर्वांत लांब साखळी, जिच्यावर सगळे काम कधी पुरे होणार ते ठरते. पण सगळी मेख "दिलेला आहे" या शब्दांत आहे. अ ला पाच दिवस, ब ला आठ दिवस, क हे ब नंतर. हे पाच आणि आठ आले कुठून, हे दोन वर्षांत कोणी विचारत नाही. साइटवर मात्र दिलेले असे काहीच नसते. कालावधी मुकादमाच्या तोंडून येतो आणि तो माणसे, माल, पाणी आणि मागच्या बिलाचे पैसे मिळाले की नाही यावर ठरतो.

म्हणून पहिल्या महिन्याचा गृहपाठ एवढाच: एका गवंड्याचे काम सलग तीन दिवस मोजा. एक गवंडी दिवसाला साधारण १.२५ घनमीटर वीटकाम करतो, असे पाठ्यपुस्तक सांगते. विद्यार्थ्याने सकाळी नऊ, दुपारी बारा, चार आणि सहा वाजता थरांची उंची मोजायची, भिंतीची लांबी-जाडी घ्यायची आणि वाया गेलेल्या वेळेपुढे कारण लिहायचे: माल कालवला नव्हता, पहाड (परांची) बांधायचा होता, विटा भिजवल्या नव्हत्या. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर गेला की बारा ते चार काम जवळजवळ थांबते. आठ तासांचा दिवस कागदावरच आठ तासांचा असतो. तीन दिवसांच्या या मोजणीनंतर विद्यार्थी पुन्हा कधी "५ दिवस" असे डोळे झाकून लिहीत नाही.

म्हणजे सीपीएम (क्रिटिकल पाथची पद्धत) शिकवायचेच नाही का?

शिकवायचे, पण त्याची मर्यादा दाखवून. सीपीएम १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी तयार झाले आणि पर्ट ही तशीच दुसरी पद्धत १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी. "कशानंतर काय" हे दोन्ही पद्धती उत्तम सांगतात. "कशाने" हे आपण वेगळे घातल्याशिवाय त्यांना कळत नाही. सोलापुरातल्या कोणत्याही चार मजली इमारतीवर हे दाखवता येते.

समजा, एका मजल्याचे सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा जॅक आणि प्लेटांचा तात्पुरता साचा) ५ दिवस, सळई बांधणी ३ दिवस, काँक्रीट १ दिवस, एकूण ९. त्यानंतर वरच्या मजल्याचे कॉलम ३ दिवस. नेटवर्क, म्हणजे कामांच्या क्रमाचा नकाशा, सांगतो की दर १२ दिवसांनी एक मजला. आता आयएस ४५६:२००० ही काँक्रीटची भारतीय संहिता उघडा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवसांनी आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू १४ दिवसांनी काढायचे. म्हणजे काँक्रीट नवव्या दिवशी झाले तर जॅक आणि प्लेटा २३व्या दिवशी मोकळ्या होतात.

सेंट्रिंग ठेकेदाराकडे एकच संच असेल तर मजल्याला १२ नव्हे, २३ दिवस लागतात. दोन संच असतील तर दुसरा मजला १२व्या दिवशी सुरू होतो आणि तिसरा २४व्या दिवशी. पहिला संच सुटतो २३व्या दिवशी. हातात उरला एक दिवस, तोही प्लेटा वर चढवण्यात जातो. आणि संहितेतल्या या मुदती साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आहेत. आपल्याकडे दुकानात बहुतेक गोणी पीपीसीच्या (पोझोलाना, बहुधा राख, मिसळलेल्या सिमेंटच्या) मिळतात. त्यासाठी मुदत वाढवायची की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायला हवे. त्याने तीन दिवस वाढवले की दोन संचांवरचे वेळापत्रकही कोसळते.

हे सगळे उत्तरपत्रिकेतल्या नेटवर्कमध्ये दिसत नाही, कारण तिथे "सेंट्रिंग" हे एक काम असते. संचांची संख्या हे बंधन म्हणून तिथे येतच नाही. विद्यार्थ्याला ते स्वतःच्या हाताने ग्राफपेपरवर काढायला लावावे: आडवे दिवस, उभे मजले आणि प्रत्येक संचाला वेगळा रंग.

कोणते काम निवडायचे?

मोठे काम निवडण्याचा मोह टाळा. तळमजला अधिक तीन किंवा चार मजल्यांची, आरसीसी चौकटीची, लिखित करार आणि आयटमवार दर असलेली इमारत पुरे. महाविद्यालयापासून दुचाकीने वीस मिनिटांत पोचता यावे. त्याहून लांब असेल तर दुसऱ्या महिन्यात हजेरी घसरते. जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, होटगी रस्ता या भागांत अशी कामे सहज मिळतात.

अडचण अशी की एकच इमारत टेंडरपासून अंतिम बिलापर्यंत तीन सत्रांच्या वेळापत्रकात बसत नाही. त्यावर उपाय म्हणजे एक मुख्य काम आणि दोन जोडकामे. मुख्य काम पायात असताना घ्यावे. जोडकामांपैकी एक स्लॅबच्या टप्प्यावर आणि एक प्लास्टर-फरशीवर असावे. पायाच्या खोदाईपासून शेवटच्या रंगापर्यंत सगळे टप्पे मग दीड वर्षात डोळ्यांखालून जातात. मुख्य काम बंद पडले (आणि पडतेच) तरी शिकवणे थांबत नाही.

जिल्ह्यातले मोठे प्रकल्प मग उपयोगाचेच नाहीत का?

उपयोगाचे आहेत, पण अभ्यासासाठी. रोज पाहण्यासाठी नव्हेत. गंमत म्हणजे नियोजनाच्या तीन वेगवेगळ्या पद्धती शिकवायला सोलापूरइतके सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही.

कुंभारीचा रे नगर गृहप्रकल्प ३०,००० घरांचा. त्यातल्या १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. तेच घर हजारो वेळा बांधायचे असेल तर सीपीएमचा बाण-वर्तुळांचा नकाशा निरुपयोगी ठरतो. तिथे लाइन ऑफ बॅलन्स लागते: प्रत्येक टोळीची एक तिरकी रेघ, आणि मागची टोळी पुढच्या टोळीला गाठू लागली की रेघा एकमेकींना कापतात. गवंडी आठवड्याला ४० घरे उरकतात आणि प्लास्टरवाले ५०, तर काही आठवड्यांत प्लास्टरवाल्यांना बसून राहावे लागेल. किती आठवड्यांत, हे त्यांना किती घरांचे अंतर ठेवून सुरू केले यावर ठरते. १०० घरांचे अंतर असेल तर दहा आठवडे. हे गणित तोंडी करता आले पाहिजे.

उजनी ते सोलापूर ही सुमारे ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी म्हणजे सरळ रेषेतले काम. त्यासाठी वेळ-अंतर आलेख: आडवे किलोमीटर, उभे आठवडे. शेतातले उभे पीक, रस्ता आणि रेल्वे ओलांडण्याच्या परवानग्या, जमिनीचा ताबा हे सगळे त्या आलेखावर काळ्या चौकोनांनी दाखवायचे आणि पाइप टाकणारी टोळी त्यांच्या आजूबाजूने कशी हलवायची ते ठरवायचे.

तिसरे उदाहरण एनटीपीसीचे औष्णिक केंद्र, ६६० मेगावॉटचे दोन संच. तिथला धडा पॅकेजांच्या सीमेचा आहे. स्थापत्याचे काम करणाऱ्याने पाया पूर्ण केला म्हणजे यंत्र बसवणाऱ्याला तो "मिळाला" असे होत नाही. बोल्टची जागा, पातळी, ताबापत्र हे सगळे लागते.

कंत्राटदार विद्यार्थ्यांना साइटवर कशाला येऊ देईल?

फुकटचा पाहुणा कुणालाच नको असतो. त्याला काही मिळाले पाहिजे. सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती मोजमापांची दुसरी नोंद. लहान कंत्राटदाराकडे एकच इंजिनिअर असतो. तो माल आणण्यात आणि मालकाचे फोन घेण्यात अडकलेला. विद्यार्थ्यांनी दर शनिवारी झालेल्या कामाची मोजमापे स्वच्छ लिहून दिली की बिल आठ-दहा दिवस आधी तयार होते. एवढे कळले की दार उघडते.

करार एका पानाचा करावा. त्यात पाच गोष्टी हव्यात: विद्यार्थ्यांचा अपघात विमा महाविद्यालयाने काढायचा, हेल्मेट व बूट विद्यार्थ्यांनी आणायचे, एका वेळी सहापेक्षा जास्त विद्यार्थी नाहीत, दर आणि नफ्याचे आकडे वर्गाबाहेर जाणार नाहीत, विद्यार्थी मजुरांना कोणतीही सूचना देणार नाही. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. "सर म्हणाले म्हणून रिंगांचे अंतर वाढवले" असे एकदा घडले की तो कंत्राटदार परत उभा करत नाही, आणि त्यात त्याचे चुकत नाही.

दरांबाबत एक युक्ती: वर्गात वापरताना सगळ्या दरांना एकाच गुप्त गुणकाने गुणावे. प्रमाण तसेच राहते, खरा दर झाकला जातो.

आठवड्याचा वायदा-तास म्हणजे काय?

संपूर्ण बदलाचा कणा हाच. १९९० च्या दशकात ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेगरी हॉवेल यांनी मांडलेल्या "लास्ट प्लॅनर" पद्धतीचे हे आपल्या साइटला झेपेल असे रूप आहे. पद्धत अशी:

१. शनिवारी संध्याकाळी पगार वाटपाच्या आधी सेंट्रिंग, सळई, गवंडी, प्लंबिंग, वायरिंग या सगळ्यांचे मुकादम आणि साइट इंजिनिअर अर्धा तास एकत्र बसतात. पगारानंतर कोणी थांबत नाही.

२. प्रत्येकाने पुढच्या आठवड्यात काय पूर्ण करणार ते स्वतः सांगायचे. "प्लास्टर चालू ठेवतो" हा वायदा नव्हे. "दुसऱ्या मजल्यावरच्या पूर्वेकडच्या दोन खोल्यांचे आतले प्लास्टर गुरुवारपर्यंत" हा वायदा.

३. विद्यार्थ्याने प्रत्येक वायद्याला चार प्रश्न विचारायचे: माल आहे का, माणसे आहेत का, आधीचे काम झाले आहे का, नकाशा हातात आहे का. एकालाही "नाही" असेल तर तो वायदा वहीत जात नाही. अडथळ्यांच्या यादीत जातो आणि त्यापुढे तो दूर करणाऱ्याचे नाव लिहिले जाते.

४. पुढच्या शनिवारी प्रत्येक वायद्यापुढे झाले किंवा नाही. "जवळजवळ झाले" म्हणजे नाही.

५. झालेले भागिले ठरलेले, गुणिले शंभर. २० पैकी ११ झाले तर ५५ टक्के. इंग्रजीत या आकड्यालाही पीपीसीच म्हणतात, पण सोलापुरात पीपीसी म्हटले की सगळ्यांना सिमेंटची गोणी आठवते. म्हणून "पाळलेले वायदे" म्हणावे.

६. न झालेल्या प्रत्येक कामाचे कारण एकाच शब्दगटात: माल, माणसे, नकाशा, पैसे, आधीचे काम, हवामान, पाणी, यंत्र. "इतर" हा गट ठेवू नका. ठेवलात तर सगळे तिथेच जाते.

बारा आठवड्यांची वही हातात आली की विद्यार्थ्याला जे दिसते ते कोणत्याही पुस्तकात नाही. माणसे नव्हती असे लिहिलेल्या कामांतली बरीचशी खरे तर पैशांची असतात. मागच्या महिन्याचे बिल अडकले म्हणून ठेकेदाराने टोळी दुसऱ्या साइटवर हलवलेली असते. म्हणून प्रत्येक कारणाला निदान आणखी दोनदा "का?" विचारायचे.

सोलापूरचे कॅलेंडर म्हणून वेगळे काही असते का?

असते, आणि सॉफ्टवेअरसोबत आलेल्या कॅलेंडरमध्ये ते नसते. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. त्या दिवसांत शहरातल्या टोळ्या पूर्ण मिळत नाहीत. आषाढीला पंढरपूरकडच्या रस्त्यांवर अवजड वाहने अडतात, म्हणून त्या बाजूने येणारी वाळू-खडी आधीच भरून ठेवावी लागते. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की ग्रामीण भागातले मजूर तोडीला जातात.

पावसाचे आणखी वेगळे. जून ते सप्टेंबर सरसकट पावसाळा धरून उत्पादकता कमी करण्याची रीत आहे. सोलापुरात जुलै पुष्कळदा कोरडा जातो आणि जोराचा पाऊस सप्टेंबरात येतो. जूनचे ढग पाहून थांबवलेली खोदाई सप्टेंबरात सुरू करणे हा सगळ्यात महागडा निर्णय. काळी माती पाण्याने फुगते, खड्ड्याच्या बाजू ढासळतात, तळ चिखल होतो आणि तो चिखल काढून पुन्हा मुरूम भरावा लागतो. ती खोदलेली काळी माती जोत्यात भरता येत नाही, हेही विद्यार्थ्याच्या अंदाजपत्रकात दिसले पाहिजे: माती वाहून नेण्याचा एक आयटम, बाहेरून मुरूम आणण्याचा दुसरा.

मोजमाप आणि बिल पदव्युत्तर पातळीवर शिकवायचे? ते तर ओव्हरसीअरचे काम.

हा तोरा सोडावा लागेल. ज्याला बिल कळत नाही त्याला कामाची खरी अवस्था कळत नाही.

विद्यार्थ्याने एक संपूर्ण आरए बिल (चालू कामाचे टप्प्याचे बिल) स्वतः करायचे. मोजमाप पुस्तिका लिहिताना आयएस १२०० या मोजमापांच्या संहितेचे नियम पाळायचे: वीटकामात ०.१ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागा वजा करायच्या नाहीत; प्लास्टरमध्ये ०.५ चौरस मीटरपर्यंत काहीच वजा नाही, ०.५ ते ३ चौरस मीटरच्या उघड्या जागेला एकाच बाजूची वजावट आणि चौकटीच्या आतल्या पट्ट्यांचे वेगळे माप नाही. खिडक्या जास्त असलेल्या इमारतीत हा नियम चुकला तर प्लास्टरचे बिल लक्षणीय फुगते किंवा बुडते. सार्वजनिक बांधकाम विभागाची बी-१ आणि बी-२ निविदा हाताळायची: पहिलीत अंदाजपत्रकी दरांवर एकच टक्केवारी, दुसरीत आयटमवार दर. कोणत्या निविदेत कंत्राटदार कुठे दर वर-खाली ठेवतो आणि का, यावर एक पूर्ण तास द्यावा.

त्यानंतरच अर्न्ड व्हॅल्यू (ठरलेल्या आणि झालेल्या कामाची किंमत ताडून प्रगती मोजणे) शिकवा. समजा, आजवर ४२ लाखांचे काम व्हायला हवे होते आणि ४० लाखांचे झाले. ४० भागिले ४२ म्हणजे ०.९५. पुस्तकाच्या हिशेबाने काम ठीक चालले आहे. पण बिल झाले ३१ लाखांचे आणि हातात आले २२. कंत्राटदाराचे १८ लाख कामात अडकले आहेत. पुढच्या महिन्यात टोळ्या कमी होणार, हे ०.९५ सांगत नाही. हे १८ सांगतात. म्हणून झालेले, मोजलेले, बिलात आलेले आणि मिळालेले हे चार आकडे एकाच आलेखावर चार रेघांनी दाखवायचे. पहिल्या आणि चौथ्या रेघेतले अंतर वाढू लागले की दोन-तीन आठवड्यांत वायदा-वहीत त्याचे पडसाद उमटतात का, हे पाहणे हा दुसऱ्या सत्राचा उत्तम प्रकल्प आहे.

प्राइमाव्हेरा किंवा एमएस प्रोजेक्टसारखे वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर कधी शिकवावे?

दुसऱ्या सत्राच्या मध्यावर. हाताने काढलेले वेळापत्रक एकदा तरी फसल्यानंतर. दोन आठवडे पुरतात. तपासायच्या चुका ठरलेल्या आहेत: ज्यांना पुढचे किंवा मागचे काम जोडलेलेच नाही अशी लोंबकळती कामे, मालकाला हवी ती तारीख यावी म्हणून सक्तीने लावलेल्या तारखा, बेसलाइन (मूळ वेळापत्रक) जतन न करता केलेले अपडेट, आणि "७० टक्के पूर्ण" असा नजरअंदाज. टक्केवारी मोजमापावरून यायला हवी. बीआयएम, म्हणजे इमारतीचे माहितीसह संगणकीय मॉडेल, जमत असेल तर एका मजल्याचे करून त्यातून परिमाणे काढा आणि मोजमाप पुस्तिकेशी ताडून पाहा. संपूर्ण इमारतीचे मॉडेल करण्यात सत्र संपते आणि साइट राहून जाते.

गुणवत्ता आणि सुरक्षेचे काय?

एका स्लॅबची संपूर्ण कागदपत्रे करायला लावा. १५०० चौरस फुटांचा, १२५ मिलिमीटरचा स्लॅब म्हणजे सुमारे १७.४ घनमीटर, बीमचे ६ धरले तर २३-२४. सहा घनमीटरचे चार मिक्सर-ट्रक. आयएस ४५६ नुसार १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने, प्रत्येक नमुन्याचे तीन ठोकळे, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी नऊ. सात दिवसांचा अंदाज हवा असेल तर त्यासाठी वेगळे ठोकळे भरा. हमखास होणारी चूक म्हणजे सगळे ठोकळे पहिल्याच मिक्सरमधून भरणे, कारण तेव्हा सगळे उत्साहात असतात. पाणी मारण्याची मुदत साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीला १०, कोरड्या उन्हाळी हवेत साध्यालाही १० आणि पीपीसीला शक्यतो १४; मे महिन्यात त्या सगळ्या दिवसांचे टँकर मोजून मागणी लिहायची. हवा ४० अंशांच्या वर असेल तर काँक्रीट संध्याकाळी घ्यायचे.

सुरक्षेचे व्याख्यान कमी आणि तपासणी जास्त. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार किंवा उतार आहे का? खोदलेली माती कडेपासून किमान दीड मीटर लांब आहे का? काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर हे रोज पाहायचे.

साइटवर कानडी, तेलुगू, हिंदी आणि परीक्षा इंग्रजीत. हे कसे जमवायचे?

सोलापूरकराला हे नवे नाही. वायदा-वही मराठीत किंवा हिंदीत लिहू द्या. अहवाल इंग्रजीत. प्रत्येक गटात कानडी किंवा तेलुगू बोलणारा निदान एक विद्यार्थी ठेवा. "ये टेकू कब निकालना?" याचे उत्तर सेंट्रिंगवाला आपल्या भाषेत जितके खरे देतो तितके साहेबाच्या भाषेत देत नाही.

प्रबंधात काय बदलावे?

प्रश्नावली बंद करावी. बांधकामांना उशीर का होतो यावर पन्नास जणांना १ ते ५ गुण द्यायला लावायचे, रिलेटिव्ह इम्पॉर्टन्स इंडेक्स (प्रत्येक कारणाच्या सापेक्ष महत्त्वाचा आकडा) काढायचा आणि कारणांची क्रमवारी लावायची. अशा प्रबंधांनी ग्रंथालयांची कपाटे भरली आहेत. उत्तर आधीच ठाऊक असते. कंत्राटदार म्हणतो मालक पैसे देत नाही, मालक म्हणतो कंत्राटदार माणसे लावत नाही. सरासरी काढल्याने दोघांतला कोण खरा, हे कळत नाही.

त्याऐवजी मोजता येईल असा छोटा प्रश्न घ्या. सेंट्रिंगचे दोन संच असलेल्या आणि एकच असलेल्या साइटवर मजल्याचा खरा कालावधी किती? नकाशातल्या शंकेचे उत्तर यायला किती दिवस लागतात आणि तोवर किती माणूस-दिवस वाया जातात? बिल उशिरा मिळाल्यावर टोळीतली माणसे किती दिवसांनी कमी होतात? तीन साइट, बारा आठवडे, रोजच्या नोंदी. निष्कर्ष लहान निघेल, पण तो दुसऱ्याला तपासता येईल.

गुण कसे द्यायचे? पाळलेले वायदे जास्त त्याला जास्त गुण?

नाही, अजिबात नाही. तसे केले की पुढच्याच आठवड्यात वायदे सोपे होतात आणि आकडा ९० वर जातो. गुण द्यायचे ते कारणांच्या शोधाला, अडथळा आधी ओळखल्याला आणि अंदाज किती जवळ आला त्याला. तोंडी परीक्षेत वहीतले कोणतेही पान उघडून "या दिवशी हे का झाले नाही?" एवढे विचारले तरी वही साइटवर लिहिली की आदल्या रात्री वसतिगृहात, हे पाच मिनिटांत कळते.

विद्यापीठाची मंजुरी नसताना किती बदलता येते?

वाटते त्यापेक्षा बरेच. अंतर्गत गुण, सेमिनार, मिनी प्रोजेक्ट, ऐच्छिक विषय आणि प्रबंधाचा विषय हे बहुधा विभागाच्या हातात असतात. एक सत्र त्यावर चालवा, नोंदी ठेवा आणि मग अभ्यास मंडळापुढे जा. तिथून विद्याशाखा आणि विद्यापरिषद. श्रेयांकांची (क्रेडिटची) मांडणी सोपी आहे. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर सहा श्रेयांकांचे १८० तास. पंधरा आठवड्यांत आठवड्याला बारा: साइटवर सहा, वायदा-तास आणि त्यावरची चर्चा दोन, लेखन चार.

शिकवणार कोण?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये "प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस"ची वाट खुली केली: किमान १५ वर्षांचा अनुभव, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत, पीएच.डी.ची सक्ती नाही. निवृत्त उपअभियंता किंवा बिलिंग इंजिनिअर यासाठी फार उपयोगी. मात्र त्यांना "अनुभव सांगा" असे म्हणून वर्गात सोडू नका. तासभर किस्से होतात. हातात एक खरे बिल द्या आणि चुका शोधून दाखवायला सांगा.

नोकरी करून शिकणाऱ्यांना हे झेपेल का?

त्यांना जास्तच झेपेल, कारण त्यांची स्वतःची साइट हेच मुख्य काम ठरू शकते. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटहून येणाऱ्यांसाठी तास शनिवार-रविवारी ठेवा. वायदा-तास त्यांनी आपल्याच साइटवर घ्यावा. साहेब तोच आणि नोंद ठेवणाराही तोच, ही एकच अडचण. म्हणून महिन्यातून एकदा दुसऱ्या विद्यार्थ्याने जाऊन वही तपासावी.

पहिल्या वर्षी काय बिघडते?

पहिले तीन शनिवार मुकादम येतात, चौथ्याला येत नाहीत. कारण अडथळ्यांच्या यादीत ज्याचे नाव लिहिले त्या मालकाने किंवा आर्किटेक्टने काहीच हलवले नाही. त्यामुळे पहिल्या महिन्यात निदान दोन अडथळे खरोखर दूर झालेले दिसले पाहिजेत, मग ते एका नकाशाची प्रत मिळवून देण्याइतके लहान का असेनात. विद्यार्थी परीक्षेच्या आठवड्यात गायब होतात आणि नेमका तेव्हाच स्लॅब पडतो. गटागटाने पाळी लावा. काही मार्गदर्शक स्वतः साइटवर जात नाहीत आणि वहीवर फक्त सही करतात. त्यांच्याही भेटीची तारीख वहीत लिहा.

सुरुवात कोणत्या महिन्यात करावी?

प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत पावसाळा सरत आलेला असतो. दिवाळीपर्यंत टेंडर, नकाशे आणि जोडकामांच्या साइट. काळी माती वाळून खोदाई सुरू झाली की मुख्य कामावर जा. संक्रांतीच्या आधी पाया जोत्यापर्यंत आला, तर पहिला स्लॅब फेब्रुवारीत आणि तिसरा मार्चअखेर, अर्थात सेंट्रिंगचे दोन संच असतील तर.